खोटी कल्हई

स्पेनच्या दक्षिणेला सिएरा मोरेना नावाची डोंगररांग आहे आणि तिच्या पायथ्याशी शिशाच्या खाणींचा एक जुना मुलूख आहे, हे मला पुण्यात स्पॅनिश शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत, तेही फुकट राबताना. नवऱ्याच्या व्हिसाला धरून आलेल्या बायकोला तेव्हा इथे पगार घेता येत नसे. रांधायला, मूल जन्माला घालायला आणि व्हॉलंटियर करायला मात्र पूर्ण मुभा होती.

मी गावच्या लायब्ररीत पुस्तकं लावायला जात असे. तिथे एका निवृत्त प्राध्यापकांनी मला स्पॅनिश पुस्तक चाळताना पाहिलं. ते त्या खाणींचा इतिहास लिहीत होते. तिथल्या दफ्तरातून आणलेल्या कागदांच्या झेरॉक्स त्यांच्याकडे खोकी भरभरून होत्या, पण डोळे अधू झाल्यामुळे जुनं हस्ताक्षर त्यांना लागत नव्हतं. मला लागायचं. माझ्या आजोबांचं मोडीतलं दफ्तर लहानपणी मीच उलगडायची, त्यापुढे हे सोपं होतं. मग दर सोमवारी एक खोकं माझ्या घरी येऊ लागलं. दुपारी मुलगी झोपली की मी जेवणाच्या टेबलावर बसून एकेका कागदाचा इंग्रजीत गोषवारा लिहायची. त्या बदल्यात प्राध्यापक तोंडभरून आभार मानत आणि उन्हाळ्यात आपल्या बागेतले टोमॅटो पिशवी भरून देत.

पण काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. रोमन लोकांच्याही आधीपासून त्या डोंगरातून शिसं निघत होतं. मग शतकानुशतकं खाणी जवळजवळ निजल्या होत्या आणि एकोणिसाव्या शतकात वाफेचे पंप घेऊन परदेशी कंपन्या आल्या तशा पुन्हा जाग्या झाल्या. पंपांनी पाणी उपसलं, माणसं आणखी खोल उतरली, वर भट्ट्या पेटल्या. त्या मुलुखात एक शब्द होता, एंप्लोमादो. ज्याच्या अंगात शिसं भिनलं तो. त्याला मराठीत काय म्हणावं यावर मी एक अख्खी दुपार घालवली. प्राध्यापकांना मराठीशी काहीच देणंघेणं नव्हतं, पण मला होतं. शेवटी ‘शिसाळलेला’ हा शब्द मी माझ्यापुरता घडवला आणि त्याचा मला फार अभिमान वाटला.

शिसाळलेल्यांची लक्षणं मला पाठ झाली होती. पोटात पीळ पडणं, शौचाला खडा होणं, चेहरा पांढरा पडणं, चिडचिड, हिरड्यांवर निळी रेघ. एका खाणीच्या दवाखान्याची नोंदवही माझ्याकडे होती. तिच्यात माणसाचं नाव, काम, दुखणं आणि दुखण्याचं कारण असे रकाने होते. कारणाच्या रकान्यात कंपनीच्या डॉक्टरने कधीही शिसं लिहिलेलं नव्हतं. दारू, अस्वच्छता, कुजकं अन्न, नाहीतर घरातली बाई नीट रांधत नाही, असं काहीबाही लिहिलेलं असे. मी संतापायची. रात्री जेवताना नवऱ्याला सांगायची, बघ, दोष कुणाच्या माथी मारायचा हे यांचं आधीच ठरलेलं असायचं. तो बिचारा दिवसभर कंपनीत डोकं घासून आलेला असायचा. हं म्हणून वाढून घ्यायचा.

२००४ च्या वसंतात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्या साताऱ्याकडच्या, शिक्षण सातवीपर्यंत, बोलणं चुलीवरच्या तव्यासारखं. बॅगेत त्यांनी मेतकूट आणि कुरडया आणल्या होत्या, आणि रुमालात गुंडाळलेला मारुती. मुठीत मावेल एवढा माहेरच्या ओढ्यातला दगड, वर्षानुवर्षांच्या शेंदराचे थर बसून गोल झालेला. दर शनिवारी त्या तेलात शेंदूर कालवून त्याला लावायच्या आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून द्यायच्या. मला तो प्रकार आवडत नसे. भाड्याचं अपार्टमेंट, त्यात पांढऱ्या भिंती.

आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात आमचं पातेल्यावरून बिनसलं. ते पितळी पातेलं माझ्या आईने दिलेलं. आदल्या वर्षी पुण्याला गेले होते तेव्हा आईने दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून माझ्यासमोर त्याला कल्हई करून घेतली होती. सामानातलं वजन वाढलं म्हणून मी माझी दोन पुस्तकं मागे ठेवली, पण पातेलं आणलं. आमसुलाचं सार, चिंचगुळाची आमटी मी त्यातच करायची. स्टीलमध्ये ती चव येत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. ती दुसरं काही खायची नाही, पण वाटी वाटी सार प्यायची.

सासूबाईंनी ते पातेलं घासून पुसलं, आतून अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यापुढे धरला.

“हे बघ, काळं लागतंय. खोटी कल्हई आहे ही. ह्यात आंबट नको करू.”

मला खोटी हा एकच शब्द ऐकू आला. माझ्या आईने दिलेल्या वस्तूला ही बाई खोटी म्हणते. माझ्या आईला कल्हईवाल्याने फसवलं, म्हणजे माझी आई बावळट, असा मी त्याचा सरळ अर्थ लावला. सासवांच्या बोलण्याचे असे अर्थ लावण्यात आम्ही सुना पटाईत असतो. मी म्हणाले, इथे डिश सोपने सगळंच काळं पडतं. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मान राखून बोलायची त्यांची सवय नव्हती, पण सुनेच्या स्वयंपाकघरात एकदाच बोलायचं हा त्यांचा नियम होता. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम चिंचगुळाची आमटी केली.

मे महिन्यात मुलीची दोन वर्षांची तपासणी झाली. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, मग खात्रीसाठी दंडातून. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी खोक्यातले कागद लावत होते. रक्तातलं शिसं दहाच्या आत हवं होतं, ते चौदा होतं. मी तीनदा विचारलं, शिसंच ना? फोन ठेवला आणि टॉर्च घेऊन झोपलेल्या मुलीचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या. निळी रेघ नव्हती. पण तिचं पोट दोन महिने दुखत होतं, शौचाला खडा होऊन ती रडत होती, आल्यागेल्यावर चिडत होती. त्याला मी दात, हवापालट, आजीने लाडावून ठेवलंय असली कारणं दिली होती. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या परक्या माणसांचं पोट का दुखत होतं हे मला माहीत होतं, आणि माझ्या मांडीवरच्या पोरीचं मला कळलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

नवरा म्हणाला, “यार, आधी टेस्ट रिपीट करू. लॅब एरर असेल.” मला त्याचा राग आला. मला कुणाचा तरी राग हवाच होता.

जूनमध्ये काउंटीच्या आरोग्य खात्याची एक बाई घर तपासायला आली. तिच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र होतं. भिंतीला, खिडकीच्या चौकटीला लावलं की ते शिसं आहे की नाही ते सांगायचं. आमची इमारत नवी होती, रंगात काही निघालं नाही. मग तिने विचारलं, घरात परदेशातून आलेलं काही आहे का, मसाले, औषधं, सौंदर्यप्रसाधनं? आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेंदूर म्हणजे शिशाचं भस्म. त्या खाणींच्या कागदांत त्याचं नाव दहा वेळा येऊन गेलं होतं. मिनिओ, लाल शिसं, भट्टीजवळचे कामगार ते चाळत. मी स्टुलावर चढले आणि मारुती खाली काढला.

यंत्र लगेच बोललं. अर्थात बोलणारच, शेंदूरच तो.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण मारुती अनोळखी बाईच्या हातमोज्यात गेलेला दिसत होता. मी त्यांना सांगितलं की तुमच्या देवामुळे पोरीला विषबाधा झाली. मी ‘कदाचित’ म्हणाले नाही. त्या म्हणाल्या, पोरीने मारुतीला कधी हात लावला नाही, तिचा हात तिथवर पोचतच नाही, आणि मी शेंदूर लावून साबणाने हात धुते. हे सगळं खरं होतं. मीच त्यांना साबणाने हात धुताना पाहिलं होतं. पण माझ्याकडे यंत्राचा पुरावा होता आणि स्पेनचा अख्खा इतिहास होता. त्यांच्याकडे फक्त त्यांचा शब्द होता.

त्या बाईने मारुती आणि शेंदराची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, वर चिठ्ठी चिकटवली आणि सांगितलं की हे परत मिळणार नाही, घातक कचरा म्हणून त्याची वेगळी विल्हेवाट लावतात. मी सही केली. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणते ती? मी सांगितलं, तपासायला नेतेय.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या शनिवारी मराठी मंडळाची पॉटलकची पंगत होती आणि मी तिथे सगळ्यांना सांगितलं. वीसेक बायका होत्या, बहुतेकींना लहान मुलं. मी अगदी व्याख्यान दिलं. शेंदूर म्हणजे काय, शिसं कसं भिनतं, स्पेनमध्ये काय झालं. बायका ऐकत राहिल्या. एकीने घरी जाऊन देव्हाऱ्यातला शेंदूर फेकला, दुसरीने आपल्या सासूला फोन करून येताना आणू नका म्हणून बजावलं. कितीतरी दिवसांनी मला आपणही कुणीतरी आहोत असं वाटलं. सासूबाई त्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर कागदी प्लेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कुणी त्यांच्याकडे बघून नजर वळवली की त्या पदर सारखा करत.

आठवड्याने त्या नवऱ्याला म्हणाल्या, माझं तिकीट बदल. सहा महिन्यांतले साडेतीन उरले होते. त्याने दोनदा राहा म्हटलं. मी एकदाही म्हटलं नाही. जाताना त्यांनी मुलीच्या हातावर खाऊ ठेवला आणि मला म्हणाल्या, पोरीला जप. मला त्यात टोमणा दिसला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की लोह आणि क जीवनसत्त्व भरपूर द्या, त्याने शिसं कमी शोषलं जातं. मी जिद्दीला पेटले. प्राध्यापकांच्या बागेतल्या टोमॅटोंचं सार रोज, वर लिंबू. आमसुलाचं सार, पालकाची चिंच घालून पातळभाजी. सगळं आईच्या पातेल्यात, दोन वेळा. सारं विष आता घरातून गेलंय, आता फक्त पोरीला धुऊन काढायचं, असं मी नवऱ्याला म्हणायची.

ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त तपासलं. आकडा एकोणीस आला.

डॉक्टर मला पुन्हा पुन्हा विचारत होते की घरात आणखी काही आहे का. मी नाही नाही म्हणत होते. घरी आले आणि मुलगी झोपल्यावर, दुसरं काही सुचेना म्हणून, पुढचं खोकं उघडलं. त्यात त्याच मुलुखातल्या एका दुसऱ्या डॉक्टरचा अहवाल होता. हा कंपनीचा नव्हता, गावाचा होता. खाणीशी संबंध नसलेल्या एका घरात बायको आणि दोन मुलं शिसाळली होती. या माणसाने रकाना भरून पान उलटलं नव्हतं. तो त्या घरी जाऊन बसला होता, बाई काय रांधते, कशात रांधते ते पाहत. शेवटी त्याला सापडलं की ती ऑलिव्ह व्हिनेगरमध्ये मुरत घालायची, आणि ज्या मातीच्या भांड्यात घालायची त्याची चकाकी शिशाची होती. आंबटाने शिसं सुटत होतं.

मी गोषवारा लिहायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. उठून स्वयंपाकघरात गेले. पातेलं घासून ठेवलेलं होतं, कोरडं होतं. मी आतून अंगठा फिरवला.

आरोग्य खात्याच्या बाईने दुसऱ्या दिवशी यंत्र पातेल्यात धरलं. जूनमध्येही ते पातेलं चुलीवरच होतं, तिच्या डोळ्यांसमोर, पण तिला ते विचारावंसं वाटलं नाही, कारण मी तिला आधीच उत्तर दिलं होतं. कथलात शिसं घालून स्वस्तात कल्हई केलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, माझा वळसा तर पार स्पेनपर्यंत गेला होता.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आईला फोन तूच कर.

फोनवर सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“आता आकडा किती आहे पोरीचा?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. उतरेल, वेळ लागेल असंही सांगितलं. मग मी विचारलं की तुम्ही तेव्हा खोटी म्हणालात, तर शिशाची असं का नाही म्हणालात? त्या म्हणाल्या, अगं, खोटी म्हणजे शिशाचीच की. आमच्याकडे पोरीसोरींनाही ठाऊक असतं. तू एवढं शिकलेली, तुला आणखी काय फोडून सांगायचं?

मग त्या म्हणाल्या, “तुझ्या आईला हे सांगू नकोस. म्हातारी जीव द्यायची. पण तिथं त्या बायकांपुढं माझं नाव घेतलंस ना, त्यांना मात्र सांग. तेवढं कर.”

मारुतीबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी कितीतरी दिवस तो प्रश्न यायची वाट पाहत होते, तो कधी आलाच नाही. आपला देव कचऱ्यात गेला हे त्यांना त्या दिवशी दारातच कळलं असावं.

मी हो म्हणाले. खरंच सांगणार होते. गणपतीत सांगू म्हटलं, मग दिवाळीत. प्रत्येक वेळी तोंड उघडायच्या आधी मला त्या वीस बायकांचे चेहरे दिसायचे, माझ्याकडे आदराने बघणारे. आता त्यांना काय सांगणार, की ज्या बाईने तुम्हाला शिशावर व्याख्यान दिलं ती स्वतःच्या पोरीला दोन्ही वेळा शिसं वाढत होती? वर्षभराने सासूबाईंनी फोनवर विचारलं, सांगितलंस का गं? मी म्हणाले, हो, सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आकडा सावकाश उतरला. मुलगी शाळेत जाऊ लागली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, चारचौघींसारखी आहे. तरी तिने बेरीज चुकवली, बूट उलटे घातले, ऐकलेलं विसरली की मी नवऱ्याकडे बघते. नवरा म्हणतो, सगळीच मुलं विसरतात. तो म्हणतो ते बरोबरच असेल. पण त्या पोरीची कुठली चूक तिची स्वतःची आणि कुठली माझ्या पातेल्याची, हे मला जन्मभर कळणार नाही.

प्राध्यापकांचं पुस्तक निघालं. कंपनीच्या डॉक्टरवरचं प्रकरण चांगलं उतरलं आहे. शिकलेला माणूस, हातात नोंदवही आणि दोष कायम त्याच्या माथी जो उलट लिहू शकत नाही. त्यातलं बरंचसं माझ्या गोषवाऱ्यातलं आहे. मला ते पान वाचवत नाही.

२००८ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये मी वरण वाढत होते. नुकतीच टेक्सासातल्या अर्विंगहून बदली होऊन आलेली एक मुलगी कडेवरचं बाळ सांभाळत रांगेत माझ्यापर्यंत आली. माझ्या मागच्या टेबलावर गणपतीच्या पूजेचं तबक होतं, त्यात शेंदराची वाटी. ती बघून तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“काकू, ते जरा लांब ठेवा ना प्लीज,” ती म्हणाली. “इथलीच केस आहे म्हणे. कुणाच्या तरी सासूने शेंदराने नातीला पॉयझन केलं होतं. किती इग्नोरंट असतात ना ही जुनी माणसं.”

रांग थांबली होती. सासूबाई तेव्हा साताऱ्याला होत्या, धडधाकट होत्या, दर रविवारी फोनवर नातीशी बोलत होत्या. सांगायला इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी तिच्या भातावर वरण वाढलं.

“हो का?” मी म्हणाले.